पूर्ण संग्रहाचा दावा

दुर्मिळ ध्वनिमुद्रिकांचा संग्रह करणाऱ्या व्यासंगी मंडळींच्या तोंडी एक वाक्य वारंवार येते, की अमुक गायकाचा, अमुक कंपनीचा अथवा अमुक कालखंडाचा संग्रह आता दोनचार तबकड्यांवाचून अडला आहे, आणि त्या हाती लागल्या म्हणजे तो पूर्ण झालाच म्हणून समजावे. या वाक्यामागे जुन्या बाजारात धूळ खात तबकड्या चाळण्याची जी तपश्चर्या आहे, तिच्याविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे. १९९० साली मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था स्थापन करणाऱ्यांनी आणि त्यांच्यासारख्या इतरांनी हा खटाटोप केला नसता, तर कितीतरी आवाज केव्हाच भंगारात गेले असते. परंतु आदर वेगळा आणि सिद्धान्त वेगळा, आणि पूर्णतेचा हा सिद्धान्त मला मान्य नाही.

पूर्वपक्ष त्याच्या पुऱ्या बळानिशी मांडणे न्याय्य होईल. ग्रामोफोन कंपनीचा गेसबर्ग १९०२ साली कलकत्त्यास येऊन गौहरजान प्रभृतींचे गाणे मुद्रित करू लागला, तेव्हापासून प्रत्येक मुद्रणास क्रमांक पडला, तो तबकडीवर उमटला आणि कंपनीच्या दप्तरातही चढला. मायकेल किनियर यांच्यासारख्या संशोधकाने १८९९ ते १९०८ या काळातील त्या कंपनीच्या भारतीय मुद्रणांची सूची सिद्ध करून छापली. ज्या वस्तू संख्येने सान्त आहेत आणि ज्यांची यादी उपलब्ध आहे, त्या एका छपराखाली आणणे कितीही दुष्कर असले तरी तत्त्वतः अशक्य नाही, असे ही मंडळी म्हणतात. आणि यादी मान्य केली, तर या युक्तिवादात छिद्र सापडत नाही.

परंतु यादी मान्य का करावी? ती व्यापाऱ्याची खतावणी आहे. जे खपेल ते मुद्रित झाले, जो राजी झाला तो मुद्रित झाला, आणि जो राजी झाला त्याचेही गाणे तबकडीच्या एका बाजूस मावणाऱ्या तीनसाडेतीन मिनिटांत कोंबले गेले. गायक अल्लादिया खाँसाहेब १९४६ पर्यंत हयात होते, म्हणजे तबकडीच्या भरभराटीचा मोठा काळ त्यांच्या डोळ्यांदेखत गेला, तरी त्यांचा आवाज तबकडीवर नाही. १९२२ साली दिवंगत झालेल्या भास्करबुवा बखल्यांचाही नाही. बालगंधर्वांच्या आवाजातील ‘स्वयंवर’ नाटकाची पदे ज्याच्या कपाटात आहेत, त्याच्यापाशी भास्करबुवांनी बांधलेल्या चाली आहेत, पण त्या ज्या कंठातून प्रथम निघाल्या तो कंठ नाही. खाँसाहेबांची तालीम केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्या गाण्यातून ऐकावी लागते. आणि त्या केसरबाईंची जी भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांसोबत अंतराळात गेली, तीही तबकडीच्या मापाने कापलेली, साडेतीन मिनिटांची. सर्व क्रमांक जमले म्हणजे कंपनीचे दप्तर पुरे होईल. संगीताचे दप्तर त्याने पुरे होत नाही.

ही तर नामांकितांची गोष्ट झाली. ज्यांना कधी क्रमांकच पडला नाही, त्यांची गोष्ट पाहावयाची असेल तर ठाण्याच्या खाडीच्या पूर्वतीरावरील घणसोली गावात यावे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील गावांच्या शेतजमिनी, खाजणे व मिठागरे नवी मुंबई या नव्या शहरासाठी घेण्याचा उपक्रम सुरू झाला, तेव्हा सरकारी कारकुनाने प्रत्येक सर्व्हे नंबर लिहिला, क्षेत्र गुंठ्यापर्यंत मोजले, खातेदार, कूळ आणि वहिवाट यांची नोंद घेतली. पुढे जमिनी गेलेल्यांसाठीच्या साडेबारा टक्के योजनेतील भूखंडांसाठी त्याच नोंदींचे उतारे काढून माणसे कचेऱ्यांचे उंबरठे झिजवीत राहिली. परंतु ज्या भातशेतीवर येथला आगरी समाज जगला, तिच्याभोवती उभ्या राहिलेल्या विवाहविधींत जी धवलारीण हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचे धवले, म्हणजे विवाहगीते, म्हणत असे, तिच्या कंठातील ठेव्याची मोजणी करण्याचे कोणत्याही दप्तराला सुचले नाही. तेराव्या शतकात महानुभाव महदंबेने रुक्मिणीस्वयंवरावर धवळे रचले आणि ते पोथीत राहिले, म्हणून मराठी वाङ्मयाच्या इतिहासात त्यांना मानाचे स्थान मिळाले. त्याच जातीचे विवाहगीत खाडीकाठी माजघरात नांदले, त्याला ना पोथी लाभली ना तबकडी. आगरी-कोळी गाण्यांच्या कॅसेटी निघाल्या, अमाप खपल्या, आणि त्यांतील पुष्कळ गाणी मलाही प्रिय आहेत. पण त्या तालावर नाचण्यासाठी केलेल्या होत्या. धवला नाचण्यासाठी नसतो. त्याच्यावाचून विधी पुढे सरकत नाही, आणि विधीवाचून तो निम्मा मुका असतो. आज हळदीच्या रात्री बेंजो आणि ध्वनिक्षेपकांच्या भिंतीपुढे त्या म्हाताऱ्या स्त्रीचा आवाज शेजारच्या खोलीतही पोचत नाही. आगरी-कोळी कॅसेटींचा ‘पूर्ण’ संग्रह कोणी उद्या मांडून दाखविला, तर मी प्रथम हाच प्रश्न विचारीन, की यात धवलारीण कोठे आहे?

येथे दुसरा पक्ष उठतो आणि म्हणतो, की पूर्णता जर असाध्यच आहे, तर संग्रहाचा अट्टाहास कशाला. लोकगीत वाहते असते, ते वाहू द्यावे, आणि जुने गाणे तर आता खिशातील फोनवरही ऐकू येते. हा पक्ष मला पहिल्यापेक्षा अधिक घातक वाटतो, कारण पहिला निदान कष्ट करतो. फोनवर गाणे मिळते, पण ते कोणाचे, कोठले, कोणत्या साली मुद्रित केलेले, याचा दाखला बहुधा हरवलेला असतो. आणि वाहणारे गीत कोणीतरी शिकले तरच वाहते, शिकणारी नात नोकरीच्या पाळीवर गेली की ते आजीपाशीच थांबते.

या पक्षाला खरे उत्तर संशोधक गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्याहून दिले आहे. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील हजारावर गावांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, पुढे त्यांतील कित्येक ध्वनिमुद्रितही केल्या, आणि ओवीपाशी ती गाणाऱ्या बाईचे नाव व तिचे गाव लिहिले. महाराष्ट्रातील सर्व ओव्या त्यात आल्या, असे कोणी म्हणणार नाही. पीठगिरणीने जाते बंद पाडण्यापूर्वी किती ओव्या जात्यापाशीच विरल्या, ते मोजण्याचे साधनच नाही. तरीही त्या संग्रहाची किंमत तिळमात्र कमी होत नाही, कारण कोण, कोठे आणि कशाविषयी गात होते, हे त्यातून निश्चित कळते.

म्हणून माझे मंडन इतकेच आहे, की संग्राहकाने आपली सीमा आरंभीच शब्दांत लिहावी, त्या सीमेच्या आत पूर्णतेचा ध्यास जरूर धरावा, आणि संग्रहाशेजारी गहाळांची एक वही ठेवावी. अल्लादिया खाँ यांचे मुद्रण नाही, हे तिच्यात लिहावे, भास्करबुवांचे नाही, हे ‘स्वयंवरा’च्या तबकडीच्या नोंदीतच लिहावे, अमुक क्रमांक यादीत आहे पण तबकडी कोणी पाहिलेली नाही, हेही लिहावे. पुढच्या संशोधकाला शोधाची दिशा या वहीतून मिळेल, आणि श्रोत्यालाही आपण ऐकतो ते किती थोडे आहे याची जाणीव राहील.

घणसोलीसारख्या गावात ही वही आजच उघडता येईल, कारण येथले काही गहाळ अजून गहाळ झालेले नाही. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई लागेल. ज्या घरी धवला होणार असेल, त्या घरची आणि धवलारणीची परवानगी घेऊन, तिला खुर्चीवर बसवून दोन गाणी म्हणावयास न लावता, सारे कार्य हळदीपासून पाठवणीपर्यंत अखंड मुद्रित करावे. तिचे नाव, तिचे माहेर, धवला तिने कोणापाशी ऐकला आणि तिच्यापासून कोणी घेतला, हे तिच्याच सांगण्यावरून उतरावे. मुद्रणाची एक प्रत तिच्या घरी ठेवावी. आणि तिला आठवेनासे झालेले धवले कोणते, तेही तिला विचारून वहीत घालावे.