कट ऑफ, पण कशापासून?

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या टीममधला एक मुलगा सिरोंच्याला घरी गेला होता आणि तिथूनच काम करत होता. मंडे कॉलवर तो काहीतरी सांगायला लागला आणि मी मध्येच घुसले, 'सॉरी टू कट यू ऑफ' म्हणत. माझं पुराण संपेपर्यंत तो लाइनवर नव्हताच. रात्री मेसेज आला, 'गॉट कट ऑफ. आलापल्लीचा रस्ता पण कट ऑफ.' मी एक स्मायली पाठवला.

म्हणजे बघा, बोलणं तोडा, फोन तुटो, बिल थकलं म्हणून लाइट कापली जावो की गाव पुरात अडको, सगळ्याला एकच कट ऑफ! (जोडून लिहिलं की अ‍ॅडमिशनचा कट-ऑफ. त्या जखमेवर आज मीठ नको.) 'यू', 'मी', 'हिम' मात्र मध्येच बसतात. 'कट ऑफ यू' म्हणालात तर समोरचा गालात हसणार.

मराठीत आपण 'संपर्क तुटला' म्हणतो. तुटला, कुणी तोडला ते नाही. नदीवर ढकललं की झालं. सिरोंच्याचे लोक मात्र नुसतं नदीवर थांबत नाहीत. 2022 च्या जुलैत गोदावरीला महापूर आला, तेव्हा त्यांनी तेलंगणाच्या मेडीगड्डा बॅरेजचं नाव घेतलं. 2019 मध्ये सुरू झालेला, 85 दारांचा. त्याच्या फुगवट्याने शेती बुडते, ही त्यांची जुनी तक्रार.

तर, हा मुलगा परत आला. मी म्हटलं, 'अरे, तू तर पार कट ऑफ झाला होतास!'

'फ्रॉम व्हॉट, मॅडम?'

मी गप्प. 'कट ऑफ'च्या मागे 'फ्रॉम' येतं, हे मीच सगळ्यांना शिकवत असते.

जिल्ह्याचं ठिकाण गडचिरोली, जवळपास दोनशे किलोमीटर, वाटेत जंगल आणि नाले. पण गोदावरीवरचा पूल ओलांडला की समोर कालेश्वरम. सिरोंच्यात घरोघरी तेलुगू बोलतात आणि दुखणं वाढलं की माणसाला वरंगलला नेतात. 'तुमच्याकडचा रस्ता बंद होता. आमचा चालू होता,' तो म्हणाला.

'आणि त्या दिवशी कॉलवर काय सांगत होतास?'

'आईला घेऊन वरंगलला निघतोय. रिपोर्ट दुसऱ्या कुणाला द्या, एवढंच.'

तो रिपोर्ट लेट झाला तेव्हा मी बॉसला मेलमध्ये काय लिहिलं होतं, माहितीये? 'कॉल मध्येच सोडून गेला.'