स्वच्छ शीटचं कौतुक पुरे

टेक्निकल हायस्कूलच्या स्टाफरूममध्ये सर्रास ऐकू येतं, ‘ड्रॉइंगमध्ये मुलींची शीट स्वच्छ असते, पण ऑर्थोग्राफिक आलं, म्हणजे ठोकळ्याचे समोरून, वरून, बाजूने दिसणारे व्ह्यू काढायचे असले, की अडकतात. उपजतच असतं ते.’

आकृती मनातल्या मनात फिरवून ओळखण्याच्या चाचण्यांत मुलगे सरासरीने पुढे असतात, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. ते मला मान्य आहे. पण तो फरक उपजत असेल, तर समाज बदलला तरी तो टिकायला हवा. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ईशान्य भारतातल्या खासी आणि कार्बी गावांत चार तुकड्यांचं एक कोडं सोडवायला दिलं गेलं. पितृसत्ताक कार्बींमध्ये पुरुषांनी ते लवकर जुळवलं. मातृवंशीय खासींमध्ये स्त्री-पुरुषांत तसा फरक आढळला नाही.

सरावाचंही तेच. मिशिगन टेक विद्यापीठात शेरिल सॉर्बी यांनी १९९३ पासून अशा चाचणीत मागे पडणाऱ्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांसाठी खास वर्ग घेतला. त्यांत मुलींचं प्रमाण जास्त होतं. वर्गानंतर गुण वाढले आणि इंजिनिअरिंगमध्ये टिकून राहणाऱ्या मुलीही वाढल्या. शिकवून येतं त्याला उपजत कसं म्हणायचं?

खरा घात करतं ते स्वच्छ शीटचं कौतुक. वर्गात काय होतं पाहा. मुलगी फळ्यावरची आकृती हुबेहूब उतरवते. टू-एचची रेघ बारीक, अक्षरं एकसारखी. सर ‘छान’ म्हणून पुढे सरकतात. ठोकळ्याच्या वरच्या अंगाला समोरून मागे आरपार खाच आहे. साइड व्ह्यूमध्ये तिचा तळ तुटक रेषेने का दाखवायचा, हे त्या मुलीला कुणी विचारत नाही. शेजारच्या मुलाची शीट मळकी, म्हणून सर त्याच्यापाशी थांबतात, ठोकळा फिरवून दाखवतात. पुढे परीक्षेत अनोळखी ठोकळा आला की ती अडते आणि स्टाफरूममधलं वाक्य खरं ठरतं!

ज्या घरात आई सपाट कापडावर खडूने आखून, टक्स घालून अंगाला बसणारं ब्लाउज बेतते, त्या घरातल्या मुलीला ‘बायकांना त्रिमिती दिसत नाही’ असं सांगणं मला अन्यायाचं वाटतं.

वर्कशॉपमधले लाकडी ठोकळे ड्रॉइंगच्या तासाला प्रत्येकीच्या हातात द्या. एक डोळा मिटून समोरून, वरून, बाजूने बघू द्या, मग काढायला सांगा. अडणाऱ्या मुलग्यांनाही तेच. तपासताना सुबकतेचे गुण वेगळे ठेवा. आणि फर्स्ट अँगल पद्धतीत उजवीकडे यायला हवा तो डावीकडचा व्ह्यू डावीकडेच काढला असेल, तर शीट कितीही देखणी असो, लाल खूण करून परत करा.