कडधान्याच्या मुळाशी

केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२५ मध्ये कडधान्यांतील स्वयंपूर्णतेच्या सहा वर्षांच्या मोहिमेला मंजुरी दिली. ११ हजार ४४० कोटी रुपयांची तरतूद, २०३०-३१ पर्यंत ३५० लाख टन उत्पादनाचे लक्ष्य आणि ८८ लाख मोफत बियाणे संच असा तिचा पसारा आहे. बियाणे आणि हमीभाव यांची चर्चा पुष्कळ झाली. कडधान्याच्या मुळांवरील गाठींत राहणाऱ्या जिवाणूंची मात्र फारशी झाली नाही.

हवेचा सुमारे चार पंचमांश भाग नत्राचा, पण पिकाला तो थेट घेता येत नाही. रायझोबियम वर्गातील जिवाणू मुळांवर गाठी करून त्याचे अमोनियात रूपांतर करतात आणि मोबदल्यात पिकाकडून साखर घेतात. गाठ चिरल्यावर आत गुलाबी दिसली तर ती कामात आहे असे समजावे; हिरवट वा पांढुरकी असेल तर पीक तिला फुकट पोसते आहे.

पनवेल परिसरात हा प्रश्न वालाच्या रूपाने भेटतो. भातकापणी होताच जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल टाकायचा आणि थंडीत त्याच्या शेंगांची पोपटी लावायची, ही इथली जुनी रीत. धो धो पावसाच्या कोकणाला कोरडवाहू म्हणणे विचित्र वाटेल, परंतु ऑक्टोबरनंतर हे पीक वऱ्हाडातील तुरीइतकेच आकाशाला पारखे असते. जिवाणूंची स्थिती तर अधिकच बिकट. पावसाळ्यात भातखाचराच्या पाण्याखाली हवेची वानवा, मग दिवसेंदिवस खाली जाणारी ओल आणि मे महिन्यात तापून भेगाळलेली माती. खाडीलगत वर क्षारांचा मारा. पाण्याचा ताण पडला की अनेक कडधान्यांत पाने सुकण्याच्या कितीतरी आधी गाठींचे काम मंदावते.

अशा मातीत बाहेरून आणलेला वाण टिकत नाही. तेथील स्थानिक जिवाणू संख्येने भारी असतात, मात्र कामाला चांगले असतीलच असे नाही. म्हणून त्यांच्यातूनच सोशीक आणि कष्टाळू वाण निवडावे लागतात. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने भाताच्या क्षार सोसणाऱ्या जाती दिल्या. जे भाताबाबत साधले ते जिवाणूंबाबतही व्हायला हवे. ब्राझीलने सोयाबीनसाठी नेमके हेच केले. तेथे योहाना डोबेरायनर यांनी घातलेल्या पायावर काम उभे राहिले आणि आज तेथील सोयाबीन जवळजवळ नत्र खताशिवाय पिकते. या कामातील मारियांजेला हुंग्रिया यांना २०२५ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

आपल्याकडे वाण शोधण्याइतकीच अडचण पाकिटाची आहे. २००६ मध्ये जैविक खते खत नियंत्रण आदेशाखाली आली. भुकटीच्या एका ग्रॅममध्ये पाच कोटी जिवंत जिवाणू असले पाहिजेत, असा दंडक आहे. कारखान्यातून निघताना ते असतीलही. पण पत्र्याच्या छपराखालच्या दुकानात उन्हाळा काढल्यावर किती उरतात? शिवाय वाल, मूग, तूर यांना चवळी गटाचे जिवाणू चालतात, हरभऱ्याला वेगळेच लागतात. हा भेद दुकानात कोणी सांगत नाही. चुकीचे किंवा मेलेले पाकीट एकदा पदरी पडले की शेतकरी पुन्हा त्या वाटेला जात नाही, आणि त्याला दोष तरी कसा द्यावा? ४५ किलो युरियाचे पोते अनुदानामुळे सुमारे २६६ रुपयांत मिळते. वर गंमत अशी की, मातीत नत्र मुबलक झाला की पीक गाठीच कमी धरते.

मोफत बियाणे संचांबरोबर त्या त्या पिकाचे ताजे, तपासलेले संवर्धन पेरणीच्या आठवड्यात हाती पडेल, इतकी व्यवस्था तरी मोहिमेत बसवता येण्याजोगी आहे. द्रवरूप संवर्धन त्यासाठी अधिक सोयीचे. पनवेलपुरते बोलायचे तर घाई याहून अधिक आहे. विमानतळ आणि वसाहतींखाली भातखाचरे जात आहेत, आणि वर्षानुवर्षे वाल पिकवलेल्या मातीतील जिवाणूंचे नमुने ती माती शिल्लक आहे तोवरच गोळा करता येतील.