जिथे कुरकुर, तिथे तेल!



मागच्या अंकात गळक्या नळाचा वायसर कसा बदलायचा ते लिहिलं होतं. ते वाचून एक मावशी सिनेगॉगच्या पायरीवरच मला म्हणाल्या, "तुमचं बरं आहे हो, तुम्हाला सगळं येतं. तुमचं कधी चुकत नाही वाटतं?"

मावशी, आजचा लेख खास तुमच्यासाठी. माझं इतकं चुकलेलं आहे की या पानावर मावायचं नाही. त्यातल्या चारच चुका आज सांगतो. तीन हसायच्या आहेत. चौथीही हसतच ऐका, पण शेवटपर्यंत ऐका.

गोष्ट १९७४ सालची, ठाण्याची. आमच्या दादाने जुनी बुलेट घेतली होती, साडेतीनशे सीसीची. मुलांनो, ही मूळची विलायती गाडी. १९५५ पासून ती मद्रासला बनू लागली. तिचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला की आई चहाचं आधण ठेवायची. त्या वेळच्या बुलेटची एक गंमत होती. गिअर उजव्या पायाला आणि मागचा ब्रेक डाव्या पायाला. म्हणजे आज तुम्ही रस्त्यावर पाहता त्याच्या बरोबर उलट. गाडी दादाची, पण तिचा मिस्त्री मी. कोणी नेमलं नव्हतं, मीच स्वतःला नेमलं होतं. वय एकवीस, खिशात एक पाना आणि डोक्यात हवा.

आता पहिली चूक. एका रविवारी मी प्लग साफ केला, बसवला आणि किक मारली. गाडी हूं की चूं करेना. दहा किका झाल्या, वीस झाल्या. शर्ट घामाने भिजला. वाड्यातली पोरं जमली आणि मोठ्याने मोजू लागली, "एकतीस, बत्तीस…" मी प्लग पुन्हा काढला, पुन्हा बसवला. शेवटी कपड्यांचं गाठोडं घेऊन चाललेला परीट थांबला. त्याने गाठोडं खाली ठेवलं, वाकून पेट्रोलचा कॉक उघडला, गाठोडं उचललं आणि एक शब्द न बोलता निघून गेला. पुढच्या किकला गाडी सुरू! पोरांनी टाळ्या वाजवल्या, त्या मला नव्हे, परटाला.

दुसरी चूक तेलाची. जुन्या बुलेटमध्ये तेलाची तीन वेगळी घरं असत: इंजिनचं एक, गिअरबॉक्सचं दुसरं आणि डाव्या बाजूच्या क्लच-चेनच्या डब्याचं तिसरं. मला वाटलं सगळं एकच. मी खालचा एक बोल्ट उघडला, तेल गाळलं आणि वरून इंजिनमध्ये नवं तेल भरलं. पण गाळलं होतं क्लचच्या डब्यातलं! इंजिनमधलं जुनं तेल जागच्या जागी, त्यावर मी ओतलेलं नवं. गाडी सुरू केली तसं जास्तीचं तेल नळीतून फसाफस बाहेर आलं, आणि शेजारच्या काकूंनी वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर महाराष्ट्राचा नकाशा उमटला. काकू म्हणाल्या, "रत्नागिरी जरा लहान झालीय, पण बाकी बरा काढलायस." चादर मात्र मला घेऊन द्यावी लागली.

तिसरी चूक चेनची. चेनचे दोन टोक जोडायला एक छोटी क्लिप असते. ती दिसते थेट माशासारखी, एका बाजूला बंद तोंड आणि दुसऱ्या बाजूला फाटलेली शेपूट. चेन ज्या दिशेला पळते, त्या दिशेला माशाचं तोंड हवं. मी शेपूट पुढे केली. मग कशाला तरी घासून क्लिप उडाली, चेन रस्त्यावर लोळली, आणि मी पावणेदोनशे किलोची गाडी ढकलत घरी आणली. इथे रोश हशानाला आपण ताटात माशाचं डोकं ठेवतो, कारण डोकं व्हावं, शेपूट होऊ नये. चेनच्या क्लिपचंही तेच. मुलांनो, ही खूण लक्षात ठेवा, आयुष्यभर विसरणार नाही.

या तिन्ही चुका वाड्यात सगळ्यांसमोर झाल्या. लोक हसले, मीही हसलो आणि प्रकरण मिटलं. चौथी चूक मात्र कोणी पाहिली नाही. म्हणूनच ती मोठी झाली.

त्या वर्षी दादाचा मुलगा, माझा पुतण्या, फार आजारी पडला होता. चार वर्षांचं पोर, ताप उतरता उतरेना. वहिनींनी एलियाहू हनबीला नवस बोलला की पोर बरं झालं तर अलिबागजवळ खंडाळ्याला, आपल्या लोकांच्या त्या पवित्र जागी, मलिदा करू. पोर बरं झालं. एलुल महिन्यातला एक रविवार ठरला. दादा, वहिनी आणि टाकीवर पोर असे तिघं बुलेटवरून जायचे होते. पनवेल, पेण, वडखळ, पोयनाड, मग कार्लेखिंड आणि पलीकडे खंडाळा. शंभरेक किलोमीटरचा रस्ता, दिवस पावसाळ्याचे.

दादा शुक्रवारी म्हणाला, "मागचा ब्रेक कुंई कुंई करतोय रे. उस्तादाकडे टाकू का?"

उस्ताद म्हणजे नाक्यावरचा गॅरेजवाला. मी छाती पुढे काढून म्हणालो, "उस्ताद कशाला? फुकटचे पैसे. मी आहे ना!"

शब्बाथ लागायला दोन तास होते. घाईघाईने चाक उतरवलं. ड्रमच्या आत दोन अर्धचंद्रासारखे ब्रेक शू असतात, त्यांना लायनिंग चिकटवलेलं असतं. ब्रेक दाबला की हे शू पसरतात, लायनिंग ड्रमला घासतं आणि गाडी थांबते. सगळा कारभार घासण्याचा. आत पाहतो तर काळी धूळ. मी जोरात फुंकर मारून ती उडवली. (हीसुद्धा चूकच. त्या काळच्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, ती धूळ फुप्फुसाला घातक. तेव्हा आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. आज ओल्या चिंधीने पुसतात, तोंडावर मास्क बांधतात.)

मग आवाज घालवायचा कसा? आमच्या घरात एकच शास्त्र होतं, जिथे कुरकुर, तिथे तेल. दार कुरकुरलं, तेल. पाळणा कुरकुरला, तेल. आईच्या शिवणयंत्राच्या तेलाची बुधली घेतली आणि दोन्ही लायनिंगना छान माखली. वर कॅमला बोटभर ग्रीसही थापलं. चाक चढवलं, हात धुतले, अंघोळ केली. आईने दिवे लावले तेव्हा मी किद्दूशला हजर!

शनिवारी रात्री, चांदण्या दिसल्यावर, मी गाडी गल्लीत फिरवून पाहिली. आवाज गेला होता. ब्रेकही गेला होता. डावा पाय पूर्ण दाबला तरी गाडी आपली चालतेच आहे. तेल लावलेल्या जागी घासणार काय, कपाळ?

त्या क्षणी मला कळलं की आपण काय करून बसलोय. घरात जाऊन "दादा, ब्रेक बिघडवला मी" एवढंच म्हणायचं होतं. पण आदल्या दिवशी जेवताना मी वहिनींना सांगून बसलो होतो, "पैसे वाचवले तुमचे, आता मला शिरा हवा!" आणि शिरा खाऊनही झाला होता. मी स्वतःची समजूत काढली. पुढचा ब्रेक आहे की. चालवता चालवता तेल वाळेल. दादा सराईत आहे. अशी कारणं सुचायला वेळ लागत नाही. खरं बोलायलाच लागतो.

रविवारी पहाटे पाचला ते निघाले. पोराने टाकीवरून मला हात केला. मी दारात उभा होतो. जीभ टाळूला चिकटली. गाडीचा आवाज दूर गेला आणि मग मी धावत नाक्यापर्यंत गेलो. पण आता काय उपयोग! तेव्हा खिशात फोन नव्हते. तो दिवस मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. आई विचारत होती, "जेवत का नाहीस?" मी म्हणालो, पोट बिघडलंय.

रात्री नऊला आवाज आला. मी उठून बाहेर गेलो. तिघंही धडधाकट! दादाच्या उजव्या चपलेचा तळ मात्र अर्धा झिजलेला.

वहिनींनी सगळं सांगितलं. पेणपर्यंत दादाला ब्रेक नरम वाटला, पण नवीन सेट केलाय, बसेल हळूहळू, असं म्हणून तो जपून चालला. कार्लेखिंडीच्या उतारावर पाऊस सुरू झाला. वळणापलीकडे ओल्या गवताच्या भाऱ्यांची बैलगाडी. दादाने पाय दाबला तर काही नाही. ओल्या रस्त्यावर पुढचा ब्रेक जोरात धरला तर गाडी घसरणार. त्याने भराभर गिअर उतरवले, पुढचा ब्रेक थोडा थोडा दाबला, चप्पल रस्त्यावर घासली, आणि शेवटी बुलेटचं पुढचं चाक गवताच्या भाऱ्यात जाऊन रुतलं. पोर टाळ्या पिटून म्हणालं, "बाबा, परत!" वहिनी हे सांगताना हसत होत्या आणि पदराने डोळे पुसत होत्या. मलिदा झाला, प्रसाद आला. मला तो घशाखाली उतरेना.

सोमवारी दादाने मला अंगणात बोलावलं. आम्ही दोघांनी मिळून चाक उघडलं. त्याने लायनिंगवरून बोट फिरवलं, वास घेतला.

"शिवणयंत्राचं तेल."

मी मान खाली घातली.

"तुला माहीत होतं?"

"शनिवारी रात्री कळलं, दादा."

मला वाटलं आता मुस्काटात बसणार. बसली असती तर बरं झालं असतं. दादा बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "तेल लावलंस, ती चूक. ती माझ्याकडूनही झाली असती. पण शनिवारी रात्री तू गप्प बसलास, ती चूक नव्हे. त्याला दुसरं नाव आहे. ते तूच शोध." मग म्हणाला, "आई आणि तुझ्या वहिनीला तू सांगायचंस. मी नाही सांगणार."

मी सांगितलं. वहिनी काही बोलल्या नाहीत. दोन दिवस माझ्याशीच बोलल्या नाहीत. तेल प्यालेलं लायनिंग धुऊन सुधारत नाही, म्हणून उस्तादाकडून नवे शू बसवून घेतले. पैसे मी दिले.

महिनाभरात दारफाळणीचा सण आला. इथे जन्मलेल्या मुलांसाठी सांगतो, योम किप्पूरला आपले कोकणातले पूर्वज दारफाळणी म्हणत, कारण त्या दिवशी दारं लावून घेत. देवाचं देणं देवाकडे मागता येतं, पण माणसाचा अपराध त्या माणसाकडेच जाऊन मागावा लागतो, त्याशिवाय किप्पूरलाही सुटका नाही. ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये हातबोशी करताना मी दादापुढे दोन्ही हात केले. त्याने माझे हात धरले, जरा जास्त वेळ धरले, आणि कानात म्हणाला, "चेनला तेल दिलंस का? आता कुरकुरतेय." म्हणजे नोकरी शाबूत! मिस्त्री मीच राहिलो.

दादा आता नाही. टाकीवर बसून "परत!" म्हणणारं ते पोर आज नातवंडांचा आजोबा आहे, इथेच राहतो आणि हे पान न चुकता वाचतो. बाबा रे, तुझ्याकडे माफी मागायची राहून गेली होती. आज मागतो.

हे सगळं आठवायचं कारण माझा नातू. त्याची स्कूटर आहे. परवा त्याने घरीच पुढच्या डिस्क ब्रेकचे पॅड बदलले. नवे पॅड बसवताना आतला पिस्टन मागे ढकलावा लागतो, म्हणून निघण्याआधी ब्रेकचा दांडा आठ-दहा वेळा दाबून कडक करून घ्यायचा असतो. तो विसरला. इमारतीच्या उतारावर दांडा थेट मुठीला टेकला आणि स्वारी कचऱ्याच्या हिरव्या डब्यावर. लागलं काही नाही. पण तो तडक वर आला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "सबा, मी गाढवपणा केला. आईला चावी देऊ नका, मी पुन्हा तपासतो."

मी त्याला काही शिकवलं नाही. त्याला शिरा करून घातला. माझ्यापेक्षा तो एक शनिवार आधी शहाणा झाला.

आता मुलांनो, किप्पूरला रस्ते मोकळे होतात आणि तुम्ही सगळे सायकली काढता. आदल्या दिवशी एवढं करा:

चेनला तेल द्या, पण थेंबाथेंबाने, आणि जास्तीचं पुसून टाका. ब्रेकच्या रबराला, रिमला किंवा डिस्कला तेलाचा थेंबही लावू नका. ब्रेक कुरकुरला तर साफ करायचा असतो, त्याला तेल पाजायचं नसतं. दोन्ही ब्रेक दाबून सायकल ढकलून पाहा, चाक फिरता कामा नये. आणि काही बिघडवलंत, तर दुसरं कोणी त्यावर बसण्याआधी सांगा. रागावतील, हसतील, पण शिरा मिळेल!

आणि आजी-आजोबांनो, पोरं सांगायला आली तर आधी ऐकून घ्या. आपण लगेच ओरडलो तर पुढच्या वेळी ती गप्प बसतील, माझ्यासारखी.

शाना तोवा, गमार हतिमा तोवा!

आपला,
घरचा मिस्त्री