दोन दिवसांचे अथेन्स

अथेन्सला दोनच दिवसांसाठी जाणारे पुष्कळ प्रवासी सारे शहर धावत पाहतात. मला हे पटत नाही.

पहिला दिवस अ‍ॅक्रोपोलिस टेकडीलाच द्यावा. तेथील पार्थेनॉन हे मंदिर इ. स. पूर्व ४४७ मध्ये बांधावयास घेतले. इ. स. १६८७ च्या वेढ्यात तोफगोळा पडून आत साठविलेल्या दारूचा स्फोट झाला व ते भंगले. त्याची अनेक शिल्पे आज लंडनमध्ये आहेत. हे ठाऊक नसणाऱ्यास तेथे नुसते मोडके खांबच दिसतील! दुसऱ्या दिवशी अगोरा या प्राचीन चौकात सावकाश फिरावे. सॉक्रेटिस तेथेच लोकांशी संवाद करी.

मुलांनो, केवळ सामान बांधल्याने प्रवासाची तयारी होत नाही. आधी त्या स्थळाचा इतिहास वाचावा. थोडेच पाहावे, पण जाणून पाहावे.