आधी छत्री, मग लुगडं



२९ वर्षे आम्ही भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये काढली. भिंत सरकारची, म्हणून खिळासुद्धा विचार करून ठोकायचा. गेल्या वर्षी मार्चमध्ये मिस्टरांच्या फंडाच्या पैशातून एक जुने घर घेतले. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढे लहानसे अंगण. चावी हातात आली तेव्हा सासूबाई उंबऱ्यावर बसून रडल्या. जन्मभर दुसऱ्याच्या जागेत राहिलेल्यालाच ते रडणे कळेल.

पण आनंदाच्या भरात आमची एक चूक झाली. ती तुमची होऊ नये म्हणून लिहिते.

पाहुणे येणार म्हणून एप्रिलमध्ये आम्ही सगळ्यात आधी रंग काढला. जुलैत स्लॅबमधून ओल उतरली, रंगाला फोड आले आणि पापुद्रे गळू लागले. कष्टाचे पैसे गेले. तेव्हा ओळखीचे एक गवंडीकाका म्हणाले, "ताई, घराला आधी छत्री द्या, मग लुगडं नेसवा."

पावसाळा सरल्यावर त्यांच्या सांगण्याप्रमाणे कामे केली. तो क्रम असा :

पहिली गच्ची. पाणी कुठे साचते ते पाहून उतार नीट करावा, भेगा भरून घ्याव्यात, पाण्याचे पाईप साफ करावेत. भेगेत उगवलेले पिंपळाचे रोप नुसते वरून तोडू नये, ते पुन्हा फुटते. मुळासकट काढावे.

मग मोरी, संडास आणि नळाची गळती. त्यानंतर वीज. जुन्या वायरी परवाना असलेल्या वायरमनकडूनच तपासून घ्याव्यात. अर्थिंग आहे की नाही ते आवर्जून विचारावे. इथे काटकसर करू नये, जिवाशी गाठ असते.

मग गिलावा. भिंतीवर बोटाने ठोकावे. जिथे पोकळ आवाज येतो तिथला गिलावा काढून नवा करावा, त्यावर निदान ७ दिवस पाणी मारावे आणि तो पूर्ण वाळू द्यावा. रंग सगळ्यात शेवटी.

आता अंगण. सासूबाईंनी क्वार्टरमध्ये पत्र्याच्या डब्यात पिंपळाचे रोप जपले होते. स्वतःच्या दारात बोधिवृक्ष लावायचा, ही त्यांची किती वर्षांची इच्छा! पण काका म्हणाले, "आजी, याची मुळं पायात शिरतील, भिंत फोडतील." सासूबाई दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्याच म्हणाल्या, "पोरी, मोठ्या झाडाला मोठी जागा लागते. याला विहाराच्या मैदानात नेऊ." यंदा जूनमध्ये आम्ही ते रोप तिथे लावले.

आमच्या अंगणात लिंबू, कढीपत्ता, मोगरा आणि गवती चहा आहे. लिंबासाठी मे महिन्यात दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डा खणून तापू दिला. त्यातले विटांचे तुकडे, सिमेंटचा चुरा वेचून काढला. चांगली माती व कुजलेले शेणखत भरून पहिल्या पावसानंतर रोप लावले. शेवग्याचे फाटे लवकर मोडतात, म्हणून तो घरापासून आणि विजेच्या तारांपासून दूर, कोपऱ्यात लावला. तांदूळ-भाजी धुतलेले पाणी झाडांनाच जाते. कुंड्यांखालच्या ताटल्या मात्र आठवड्यातून एकदा रिकाम्या कराव्यात, नाहीतर डासांची पैदास होते.

रंग आम्ही यंदाच्या उन्हाळ्यात पुन्हा काढला. पाऊस झाला, पण भिंत कोरडी आहे. सासूबाई रोज संध्याकाळी तांब्या घेऊन विहाराकडे जातात. परवा सांगत होत्या, रोपाला चार नवी पाने फुटलीत म्हणून.

भगिनींनो, घर घेतले की लोक आधी रंग बघतात. तुम्ही मात्र आधी गच्ची बघा.