जुनी गाडी, तीन तऱ्हांचे टायर आणि एक स्टेपनी

स्टेपनी हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो की तो मराठीच वाटतो. खरं तर तो वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आलाय. १९०४ च्या सुमारास तिथल्या डेव्हिस बंधूंनी आरे नसलेली एक रिम, त्यावर हवा भरलेला टायर अशी वस्तू विकायला काढली. पंक्चर झालेल्या चाकाला ती क्लॅम्पने अडकवायची आणि पुढच्या गावापर्यंत जायचं. म्हणजे स्टेपनीचा जन्मच 'तात्पुरतं भागवा' या विचारातून झाला. गंमत अशी की वस्तू गेली, शब्द राहिला आणि शब्दाबरोबर तो विचारही राहिला.

माझं म्हणणं आजच्या लेखात एवढंच आहे: जुन्या गाडीला हा विचार चालत नाही. स्टेपनी कुठली घ्यायची हा प्रश्न मुळात बाकीच्या चार टायरांचा असतो.

उदाहरण घरचंच घेऊ. आमच्या मामांकडे वाटूरला प्रीमियर पद्मिनी आहे. वाटूर म्हणजे जालना-मंठा रस्त्यावरचं, परतूर तालुक्यातलं गाव. पद्मिनी कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची, २००१ च्या सुमारास बंद झाली. तिचा मूळ टायर ५.२०-१४, क्रॉसप्लाय. मामांच्या गाडीला पुढे असे दोन आहेत. मागे डावीकडे १५५/८० आर १४ आणि उजवीकडे १६५/८० आर १४, दोन्ही रेडियल. जेव्हा जो मिळाला तेव्हा तो बसवला. डिकीतली स्टेपनी पार गुळगुळीत. तर मामांचा प्रश्न, नवी कोणती घेऊ? आणि उत्तरही त्यांचंच, "कोन्तीबी घे ना, डिकीतच तर ऱ्हानार हाय ती."

आता जरा आकडेमोड. आपल्याला त्याशिवाय चैन पडत नाही! १५५/८० आर १४ म्हणजे रुंदी १५५ मिलिमीटर, उंची त्याच्या ८० टक्के, रिम १४ इंची. व्यास येतो साधारण ६०४ मिलिमीटर. १६५ चा येतो ६२०. फरक फक्त १६ मिलिमीटर, पण किलोमीटरभर जायला लहान चाक ५२७ फेरे मारतं आणि मोठं ५१४. पद्मिनीचं इंजिन मागची चाकं फिरवतं. दोन चाकांच्या वेगातला फरक सांभाळणं हे डिफरन्शियलचं काम, पण ते वळणापुरतं. इथे सरळ रस्त्यावरही दर किलोमीटरला तेरा फेऱ्यांचा फरक त्याला सतत गिळावा लागतो. झीज होणारच.

दुसरा मुद्दा जास्त गंभीर. क्रॉसप्लायमध्ये दोऱ्यांचे थर एकमेकांवर तिरके असतात, रेडियलमध्ये ते काठापासून काठापर्यंत आडवे. वळणावर दोन्ही वेगळे वागतात. एका ॲक्सलवर दोन जाती नकोत, हा पहिला नियम. दुसरा नियम, मिसळायचेच असतील तर रेडियल मागे. उलटं केलं तर पुढची चाकं रस्ता धरून ठेवतात आणि मागची बाजू सुटते. ब्रिटनमध्ये पुढे रेडियल आणि मागे क्रॉसप्लाय हे कायद्यानेच बंद आहे.

म्हणजे मामांच्या गाडीत क्रॉसप्लाय स्टेपनी घेतली तर मागे चालत नाही, रेडियल घेतली तर पुढे चालत नाही. पंक्चर काही विचारून होत नाही. थोडक्यात, सध्याच्या चार टायरांना साजेशी एकही स्टेपनी बाजारात नाही. असणारच नाही.

यावर एक आक्षेप हमखास येतो. हल्लीच्या गाड्यांत बारीक स्टेपनी देतातच की! देतात. पण तिथे बाकीची चाकं एकसारखी असतात, कंपनीने ती जोडी तपासलेली असते आणि चाकावर ८० च्या वेगमर्यादेचं लेबल असतं. आपल्या जुगाडाची चाचणी कोणी केलीय? बॅकअप रिस्टोअर होतो की नाही हे सर्व्हर बसल्यावर शोधणारे लोक आपण रोज पाहतो, हा त्यातलाच प्रकार. २०२० पासून ट्यूबलेस टायर, पंक्चर किट आणि हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा असलेल्या गाड्यांना स्टेपनीतून सूट आहे. पद्मिनीकडे यातलं काही नाही.

मग करायचं काय? माझं मत स्पष्ट आहे, पाचही एकसारखे. गाडी मूळ रूपातच ठेवायची असेल तर पाच क्रॉसप्लाय घ्या आणि वेग बेताचा ठेवा. समृद्धीवर १२० ने पळवायची ती गाडी नव्हे. रोजच्या वापराची असेल तर पाच रेडियल. त्यात १६५/८० आर १४ चा फायदा असा की स्विफ्ट, डिझायरच्या साध्या मॉडेलांना हाच माप आलेला आहे, त्यामुळे जालन्यातही मिळायला अडचण पडू नये. मात्र रिमची रुंदी तपासा, स्टेअरिंग पूर्ण वळवून टायर कुठे घासतो का ते पाहा. जुन्या रिमला ट्यूब लागते, ती रेडियलसाठीचीच घ्या.

एकदम पाचाचे पैसे नसतील तर आधी दोन १६५ घ्या. एक मागे जोडीला, एक डिकीत. निदान ज्या ॲक्सलवर इंजिनाचा जोर येतो तो तरी सुधारला. पुढचं पंक्चर झालं तर ही स्टेपनी फक्त जवळच्या दुकानापर्यंत, तीही हळूहळू. मग जमेल तसे पुढचे दोन.

आणि हो, जुना टायर 'न वापरलेला' म्हणून कोणी देत असेल तर बाजूवरचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. रबर डिकीत पडूनही म्हातारं होतं, आणि आपल्या मराठवाड्याच्या उन्हात तर विचारूच नका. दहा वर्षांवरचा टायर नक्षी कितीही खोल असली तरी नको.

खर्च वाढतो, मान्य. पण मामा त्या गाडीतून एकटे जात नाहीत. मामी असतात, नातवंडं असतात, मंठ्याचा बाजार, जालन्याचा दवाखाना असतो. ती मागची बाजू सुटली तर सगळ्यांची सुटते. तेव्हा तुमच्याही घरी एखादी पद्मिनी किंवा अँबेसेडर असेल तर या रविवारी खाली बसून पाचही टायरांवरचे आकडे कागदावर लिहून काढा. दहा मिनिटांचं काम आहे. यादी पाहिली की स्टेपनी कुठली घ्यायची ते आपोआप कळेल.